गोळीतली पंगत

कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल सारख्या वजनाने घ्यायचं, काचेच्या बाटलीत टाकायचं, घट्ट बूच लावायचं आणि बाटली हलवत राहायचं. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉलच्या लांबट, चकचकीत कांड्या. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचे खडे. कापूर तर आपल्या रोजच्या ओळखीचा. तिन्ही कोरडे ठणठणीत. सुरुवातीला बाटलीत नुसता खुळखुळाट ऐकू येतो. मग खड्यांच्या कडा ओलसर दिसू लागतात, काचेवर आतून ओघळ येतात, आवाज मऊ होत जातो आणि थोड्या वेळाने एकही खडा शिल्लक राहत नाही. तळाशी डुचमळत असतं ते स्वच्छ, पातळ द्रव. पाण्याचा थेंब घातलेला नाही, बाटली गॅसजवळही नेलेली नाही. तीन स्थायू एकत्र आले आणि द्रव झाले. हीच आपली अमृतधारा.

पिढ्यान्‌पिढ्या घराघरात ही बाटली आहे, पण आत काय घडतं हे थांबून पाहावं असं फारसं कोणाला वाटत नाही. खरं तर हा चमत्कारच आहे. शुद्ध मेंथॉल वितळायला सुमारे 42 अंश सेल्सिअस लागतात, थायमॉलला 50 च्या आसपास आणि कापराला तर 175 च्या पुढे. मग तिशीच्या आतल्या तापमानाच्या खोलीत हे तिघं वितळले कसे?

शुद्ध स्थायूत एकाच आकाराचे रेणू एकमेकांना बिलगून रचलेले असतात. ती रचना मोडायला उष्णता लागते. पण दोन वेगळ्या पदार्थांचे खडे जिथे एकमेकांना टेकतात तिथे दोघांचे रेणू मिसळू लागतात. कापराच्या रेणूतला ऑक्सिजन मेंथॉलच्या आणि थायमॉलच्या हायड्रोजनला धरून ठेवतो. एकदा अशी सरमिसळ झाली की कोणालाच आपली मूळ रचना पुन्हा उभारता येत नाही, कारण मध्ये कायम दुसऱ्याच आकाराचा रेणू आडवा येतो. प्रत्येक जण दुसऱ्याचा द्रवणांक खाली ओढतो. विशिष्ट प्रमाणात मिसळलं की तो सगळ्यात खाली जातो. अशा मिश्रणाला रसायनशास्त्रात युटेक्टिक मिश्रण म्हणतात.

फार्मसीच्या विद्यार्थ्याला हे खलात दिसतं. चिठ्ठीवर कापूर आणि मेंथॉल एकत्र पूड करून द्यायला सांगितलेले असतात, तो भाबडेपणाने दोन्ही एकदम घोटायला घेतो आणि पाहता पाहता खलात चिखल होतो. म्हणून त्याला शिकवतात, की दोन्ही पुड्या वेगवेगळ्या बांध, नाहीतर प्रत्येकात आधी मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळ, ते ओल शोषून घेईल. एकाची डोकेदुखी ती दुसऱ्याची युक्ती. लिडोकेन आणि प्रायलोकेन ही बधिर करणारी दोन औषधं, दोन्ही स्फटिकी. समप्रमाणात मिसळली तर त्यांचं मिश्रण 18 अंशांनाच वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला तेलच असतं. त्याचं मलम सुई टोचण्याआधी तासभर लावून ठेवलं की धडधाकट कातडीतूनही औषध आत उतरतं. अशी मलमं आज लहान मुलांच्या दवाखान्यात वापरली जातात.

औषध म्हणजे अमुक एक रेणू, एवढीच आपली समजूत असते. कोणत्या अणूला कोणता अणू जोडलेला आहे हे कळलं की औषध कळलं. पण रेणू एकटा कधीच येत नाही. तो कोट्यवधींच्या जमावाने येतो, आणि त्या जमावाची अवस्थाही औषधाचाच भाग असते. स्थायू की द्रव, रांगेत की विस्कळीत, कोरडी की दमट, यावर ते रक्तात पोचेल की नाही हे ठरतं. बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला या विषयावर एक प्रकरणच आहे. नाव अगदी शाळकरी वाटतं: पदार्थाच्या अवस्था. विद्यार्थी ते सोपं समजून उडवतात. औषध कंपन्यांची मात्र याच प्रकरणाने झोप उडवली आहे.

द्रवाला वगळून

गोवराची लस पाहा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी बनणारी ही लस छोट्या कुपीत कोरडी येते. कुपी उजेडात धरली तर तळाशी फिक्या रंगाची, सच्छिद्र, हलकी चकती दिसते. तिच्यात गोवराचे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. पाण्यात ठेवले तर ते लवकर निकामी होतात. वाळवावेत म्हटलं तर उष्णतेने मरतात. मग पाणी काढायचं कसं?

उत्तर असं, की पाण्याला पाणी होऊच द्यायचं नाही. आधी लस गोठवायची. मग कपाटासारख्या बंद यंत्रात ठेवून आतली हवा ओढून घ्यायची. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर उंचीइतका असतो. तो साडेचार मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फाला द्रव होण्याची मुभाच राहत नाही, कारण एवढ्या कमी दाबाला द्रव पाणी टिकूच शकत नाही. आता हलकी ऊब दिली की बर्फ थेट वाफ होऊन निघून जातो. देवघरातला कापूर न वितळता हवेत विरत जातो, तेच इथे बर्फाकडून करून घेतलेलं असतं. शाळेत याला संप्लवन म्हणतात. बर्फाचे कण जिथे होते तिथे पोकळ्या राहतात, म्हणून चकती सच्छिद्र. नंतर नर्सने कुपीत पाणी सोडलं की ते त्या पोकळ्यांतून झरझर आत शिरतं आणि चकती क्षणात विरघळते. इथून पुढे मात्र घड्याळ सुरू होतं. पाणी मिसळलेली लस जास्तीत जास्त सहा तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते.

दम्याचा पंप याच्या अगदी उलट रीतीने काम करतो. 1950 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, तसं माझं औषध का नाही मिळत? 1956 मध्ये असा पहिला पंप बाजारात आला. डब्यात औषध असतं आणि दाबाखाली द्रव केलेला वायू असतो. आज सर्रास वापरला जाणारा एचएफए 134-ए हा वायू उणे 26 अंशांना उकळतो. म्हणजे बाहेर पडल्या क्षणी तो उकळून उडून जातो आणि मागे राहतात औषधाचे बारीक कण. पंप हातावर मारून पाहिला तर गार लागतो, कारण वायू होण्यासाठी लागणारी उष्णता तो आपल्या हातातून घेतो.

डब्यातला दाबही वेगळाच. सायकलच्या नळीतली हवा कमी होत गेली की दाब उतरत जातो. या डब्यात तसं होत नाही. थोडा वायू बाहेर पडला की खालचा थोडा द्रव उकळून त्याची जागा भरतो, त्यामुळे द्रवाचा शेवटचा अंश असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. पहिला फवारा आणि शेवटच्या काही फवाऱ्यांपैकी एखादा, दोन्ही सारख्याच जोराने सुटतात. कणांचं मापही काटेकोर लागतं, साधारण 1 ते 5 मायक्रॉन. त्याहून मोठे घशात आपटून चिकटतात, फारच बारीक असले तर श्वासाबरोबर परत बाहेर येतात.

रांगेत बसलेले रेणू

द्रव आणि वायू तरी सरळ वागतात. खरी गुंतागुंत स्थायूत आहे, आणि आपण घेतो त्यातली बहुतेक औषधं तर स्थायूच, म्हणजे गोळ्या आणि कॅप्सूल.

स्फटिक म्हणजे रेणूंची पंगत. सगळे ठरल्या अंतरावर, ठरल्या दिशेला तोंड करून बसलेले. पण तीच माणसं एकाच मांडवात वेगवेगळ्या तऱ्हेने बसवता येतात: समोरासमोर, पाठीला पाठ लावून, तिरप्या रांगांत. रेणूंचंही तेच. रेणूत एका अणूचाही फरक न करता त्याचे दोन, तीन, कधी दहा वेगवेगळे स्फटिक बनू शकतात. प्रत्येकाचा द्रवणांक वेगळा, कठीणपणा वेगळा, पाण्यात विरघळण्याचा वेग वेगळा. याला बहुरूपता म्हणतात. 1832 मध्ये व्योलर आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना बेंझामाइडच्या गरम द्रावणातून आधी रेशमी सुया पडताना दिसल्या. काही वेळाने त्याच द्रावणात त्या सुया विरून जाड, चौकोनी स्फटिक उगवले. सेंद्रिय पदार्थाची बहुरूपता नोंदली गेली ती इथे. डोळ्यांनी पाहायची असेल तर ओलान्झापिन हे मनोविकारांवरचं औषध बनवताना वाटेत तयार होणारा एक पदार्थ घ्यावा. त्याचे स्फटिक लाल, नारिंगी आणि पिवळे निघतात. इंग्रजीतल्या या तीन रंगांची आद्याक्षरं जोडून त्याचं टोपणनावच 'रॉय' पडलं आहे. रेणू एकच, रूपं दहाहून अधिक.

आता घरात हमखास सापडणारी पॅरासिटामॉलची गोळी घेऊ. तिच्या नेहमीच्या स्फटिकात रेणूंचे थर सपाट नसतात, नागमोडी घड्यांचे असतात आणि एकमेकांत अडकलेले असतात. कारखान्यात यंत्राचा ठोसा या भुकटीवर दाब देतो तेव्हा थर सरकत नाहीत, नुसते दबतात, आणि दाब सुटला की पुन्हा उसळतात. नुसत्या पॅरासिटामॉलची गोळी दाबली तर वरचा पापुद्रा टोपीसारखा निघून येतो. म्हणून तिच्यात स्टार्च आणि इतर चिकट पदार्थ घालून आधी दाणे करावे लागतात. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचं वजन 500 मिलिग्रॅमहून जास्त भरतं ते अशा साथीदारांमुळे.

पॅरासिटामॉलचं दुसरंही एक रूप आहे. त्यात थर सपाट आहेत, एकावर एक अलगद सरकतात, त्यामुळे ते सुंदर दाबलं जातं. मग कारखाने तेच का वापरत नाहीत? कारण ती पंगत टिकत नाही. संधी मिळाली की रेणू उठतात आणि पहिल्या रचनेत जाऊन बसतात. निसर्गाचा कल नेहमी अधिक स्थिर रूपाकडे असतो. आपल्याला सोयीचं रूप बहुतेक वेळा कमी स्थिर असतं. औषधशास्त्रातली निम्मी ओढाताण या एका गोष्टीतून निघते.

ही ओढाताण कधी थेट रोग्याच्या जिवाशी येते. क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचं एकेकाळचं हुकमी औषध, पण भयंकर कडू. मुलांना पाजता यावं म्हणून त्याला एक स्निग्धाम्ल जोडून क्लोरॅम्फेनिकॉल पामिटेट केलं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जिभेला चव लागत नाही. आतड्यातले पाचक रस ही जोडी फोडतात आणि औषध मोकळं होतं. पण या पामिटेटची ए आणि बी अशी दोन महत्त्वाची रूपं आहेत. बी रूपाची वीण सैल, ते आतड्यात फुटतं. ए रूप स्थिर आणि चिवट, ते फुटायलाच तयार नसतं. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून माणसांना दिली गेली. ए चं प्रमाण जसजसं वाढलं तसतसं रक्तातलं औषध कमी कमी भरलं. बाटलीवरचं नाव तेच, मात्रा तीच, रासायनिक तपासणीत दोन्ही शंभर नंबरी. तरी एकाने ताप उतरणार आणि दुसऱ्याने नाही. म्हणून औषधसंहितेने अशा औषधात ए रूप 10 टक्क्यांहून जास्त असू नये अशी मर्यादा घातली.

हरवलेलं रूप

एवढं माहीत असूनही 1998 मध्ये जे घडलं त्याने सगळ्यांचेच डोळे उघडले.

रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध. अ‍ॅबट कंपनीच्या या औषधाला अमेरिकेत मार्च 1996 मध्ये मंजुरी मिळाली. एड्सवर प्रभावी औषधांचा तो पहिलाच काळ होता, आणि हजारो रोग्यांचं आयुष्य अशा गोळ्यांवर तरलेलं होतं. रिटोनाव्हिर कोरड्या स्थायूच्या रूपात नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये ते अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात विरघळवून भरलेलं असे. त्याचं एकच स्फटिकरूप माहीत होतं. औषध विरघळलेलंच असताना स्फटिकाची फिकीर कशाला, असा साधा हिशोब. सुमारे दोन वर्षांत 240 खेपा निघाल्या आणि एकीतही खोट सापडली नाही.

मग 1998 मध्ये काही कॅप्सूल नेहमीच्या चाचणीत विरघळेनात. आतलं द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात बारीक सुया पडलेल्या. क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं, की हे रिटोनाव्हिरच आहे, पण कधी न पाहिलेल्या रूपात. या दुसऱ्या रूपात रेणू स्वतःच एका जोडापाशी वेगळा पिळलेला असतो आणि त्यामुळे शेजाऱ्यांशी त्याची पकड फार घट्ट बसते. ते अधिक स्थिर होतं, म्हणून खूपच कमी विरघळणारं. कॅप्सूलमधलं द्रावण पहिल्या रूपाच्या हिशोबाने बेतलेलं होतं. दुसऱ्या रूपाच्या हिशोबाने त्यात औषध गच्च झालं होतं, म्हणून ते बाहेर पडू लागलं.

आणि ते पसरलं. स्फटिक वाढायला एखादा कण पुरतो. नव्या रेणूंना बसायला तो जागा दाखवतो, आणि तो कण इतका लहान असू शकतो की हवेतल्या धुळीत दिसणारही नाही. काही आठवड्यांत कारखान्यात जुनं रूप बनेनासं झालं. कृती तीच, भांडी तीच, माणसं तीच, निघतं मात्र दुसरं रूप. इटलीतल्या कारखान्यात तोवर जुनंच रूप बनत होतं. दुसऱ्या रूपाशी संपर्क आलेले कंपनीचे लोक तिथे पाहणीला गेले आणि त्यानंतर लवकरच तिथेही दुसरं रूप दिसू लागलं. कपड्यांवरून की कागदपत्रांवरून, बी कशावरून गेलं असेल कोण जाणे.

कॅप्सूल बाजारातून गेल्या. रोग्यांना पातळ औषध घ्यावं लागलं. ते चवीला अत्यंत वाईट, आणि त्यात 43 टक्के अल्कोहोल. 1999 मध्ये नव्या घडणीच्या मऊ कॅप्सूल आल्या, पण त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. फ्रिज नसलेल्या घरात, उष्ण देशात, एचआयव्हीचा रोगी त्या कुठे ठेवणार?

रेणूला कुठलीही इजा झालेली नव्हती. कागदावर काढलेली त्याची आकृती 1996 मध्ये होती तीच 1998 मध्ये होती. बदलली होती फक्त बसण्याची तऱ्हा.

बसूच न देणं

यावरचा तोडगा तितकाच विलक्षण निघाला. रेणू चुकीच्या पंगतीत बसत असतील तर त्यांना बसूच द्यायचं नाही.

वितळलेला पदार्थ झटकन थंड केला की रेणूंना रांग धरायला वेळच मिळत नाही. जो जिथे आहे तिथेच थिजतो. हात लावला तर स्थायू, पण आतली मांडणी द्रवासारखी अस्ताव्यस्त. खिडकीची काच अशीच असते, म्हणून याला काचरूप अवस्थाही म्हणतात. स्फटिकातून रेणू सोडवायला रचना मोडण्याची किंमत मोजावी लागते. काचरूपात मोडायला रचनाच नसते, म्हणून असं औषध फार सहज विरघळतं. नोव्होबायोसिन हे जुनं प्रतिजैविक स्फटिकरूपात पोटातून शोषलंच जात नसे, अस्फटिकी रूपात मात्र शोषलं जाई.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीत हाल्लास-म्योलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच फरकातून मधुमेह्यांची सोय केली. इन्शुलिन आणि जस्त यांचे अस्फटिकी कण टोचले तर त्यांचा परिणाम लवकर सुरू होऊन लवकर ओसरे. त्याच इन्शुलिनचे मोठे स्फटिक टोचले तर ते सावकाश विरघळत आणि दीडेक दिवस पुरत. 30 टक्के पहिलं आणि 70 टक्के दुसरं मिसळून त्यांनी मधला वेळ साधला. जुन्या मधुमेह्यांना 'लेन्टे' इन्शुलिन आठवत असेल, ते हेच. रेणू तोच ठेवून, केवळ त्याचं रूप बदलून औषधाची वेळ ठरवली होती.

काचरूपाची अडचण एकच: ते कायम अस्वस्थ असतं. ऊब मिळाली, ओल मिळाली की रेणू हळूहळू सरकतात आणि रांग धरतात. म्हणून रिटोनाव्हिर एका पॉलिमरबरोबर एकत्र वितळवून, मळसूत्री यंत्रातून दाबून बाहेर काढलं आणि थंड केलं. पॉलिमरच्या लांब साखळ्यांच्या जंजाळात औषधाचा रेणू अडकतो, त्याला दुसरा रिटोनाव्हिर शेजारी सहजी भेटत नाही. या रीतीने 2005 मध्ये लोपिनाव्हिर आणि रिटोनाव्हिर यांची जोडगोळी आली, 2010 मध्ये एकट्या रिटोनाव्हिरची गोळी आली. फ्रिजची गरज संपली. पुढे 2021 च्या शेवटी कोविडवरच्या पॅक्सलोव्हिडमध्ये, मुख्य औषध यकृतात लवकर नष्ट होऊ नये म्हणून, त्याच्या सोबतीला दिली गेली ती हीच गोळी.

थंड, कोरड्या जागी

औषधाच्या वेष्टनावरची 'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही ओळ आपण गाडीमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'इतक्याच गांभीर्याने वाचतो. पण ती ओळ म्हणजे या साऱ्या प्रकरणाचं सार आहे. पाणी हा रेणूंना सैल करणारा सगळ्यात हुशार पदार्थ. दमट हवेतली वाफ गोळीत शिरली की काचरूपातले रेणू हलायला मोकळे होतात. काही औषधांचे स्फटिक तर पाण्याचे रेणूच आपल्या पंगतीत घेऊन बसतात.

कार्बामॅझेपीन हे फेफऱ्यावरचं औषध याचं ठसठशीत उदाहरण. दमट जागी ठेवलेल्या त्याच्या गोळ्या कडक होतात, आतल्या स्फटिकांत पाणी जाऊन बसतं आणि त्या पोटात नीट विरघळत नाहीत. त्यांचा एक तृतीयांशापर्यंत प्रभाव नाहीसा होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1990 मध्ये दिला होता. मुदत संपलेली नाही, गोळी दिसायला धड आहे, रोगी रोज न चुकता घेतो आहे, आणि तरी झटका येतो. न्हाणीघरातलं औषधाचं कपाट, चुलीवरचं फडताळ आणि कोकणातला जुलै महिना, या तिन्ही ठिकाणी असं होण्याची पुरेपूर सोय आहे. पट्टीतून गोळ्या आधीच काढून डब्यात भरून ठेवण्याची काटकसरी सवय इथे नडते. पट्टी ही नुसती पिशवी नसते, ओल अडवणारी भिंत असते.

हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीची तऱ्हा आणखी वेगळी. नायट्रोग्लिसरीन मुळात द्रव, तेच ते आल्फ्रेड नोबेलच्या डायनामाइटमधलं. गोळीत ते साखरेच्या भुकटीवर मुरवलेलं असतं आणि त्याची वाफ सतत थोडी थोडी निघत असते. गोळ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या तर ती वाफ प्लास्टिक पिऊन टाकतं, कापसाचा बोळा ठेवला तर कापूस. छातीत कळ येते तेव्हा हाताशी उरते ती बहुतांश साखर. म्हणून या गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवायला सांगतात.

हे सगळं आधीच सांगता येणार नाही का? कागदावर रेणू काढला, संगणकाला दिला, आणि याच्या किती पंगती बसू शकतात ते विचारलं, असं का नाही? तो प्रयत्न जोरात चालू आहे. केंब्रिजमधल्या स्फटिकविज्ञानाच्या माहितीकेंद्राने 1999 पासून अशा परीक्षा घेतल्या आहेत. शास्त्रज्ञांना फक्त रेणू सांगायचा आणि त्याचा स्फटिक कसा असेल हे ओळखायला लावायचं. उत्तरं दर खेपेला सुधारत गेली आहेत. पण संगणक शक्य रचनांची लांबलचक यादी देतो, आणि यातली कोणती कधी, कोणत्या भांड्यात, कशाच्या निमित्ताने खरोखर अवतरेल हे तो सांगू शकत नाही. अमेरिकन सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्‌क्रोन यांनी 1965 मध्येच म्हणून ठेवलं होतं, की एखाद्या पदार्थाची किती रूपं माहीत आहेत हे त्याच्यावर किती वेळ आणि पैसा खर्च झाला यावर अवलंबून असतं.

रिटोनाव्हिरवर तर अमाप वेळ आणि पैसा खर्च झाला होता. जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या औषधी स्फटिकांत त्याची गणना होते. आणि तरी 2022 मध्ये, दुसरं रूप सापडल्यावर चोवीस वर्षांनी, वितळलेल्या रिटोनाव्हिरमधून त्याचं तिसरं रूप सापडलं. चौथं नाहीच, असं छातीठोकपणे सांगण्याचा मार्ग रसायनशास्त्राकडे अजून तरी नाही.